रुख्मानं मांडलेले दाणे

मुर्री, १९२१

उदारामजी,

रुख्मा कशानं गेली, असं नागपूरहून विचारलंत.

पटकीनं गावात अकरा माणसं गेली. तुमच्या लेकीनं घरोघर विचारून शाळेच्या अंगणात खडूनं गाव, विहिरी नि बोडीचं तळं काढलं, मेलेल्यांच्या घरांवर तांदळाचे दाणे ठेवले. सगळ्यांसमोर म्हणाली, "बोडीचं पानी पिऊन मानसं मरून राहिले. विहीरवाल्यायले काईच नाही झालं."

माझी छाती फुगली. तिचा घसा सुकला, म्हणून कौतुकानं मीच शाळेच्या माठातलं पाणी दिलं. माठ बोडीवरूनच भरतो, हे मला सुचलंच नाही. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुरुजींनी दिलं म्हणून प्यायली.

गाव अजून बोडीवरच पाणी भरतंय. हे पत्र माझ्याच्यानं धाडवणार नाही; तुम्हाला "पटकीनं गेली" एवढंच कळवीन.

तिचा गुरुजी,
श्यामलाल