ठमीची दोन मिनिटं

प्रिय ठमे,

या नावाने तुला फक्त तुझे बाबा हाक मारायचे. मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे, चालवून घे.

आधी तब्येत. हॉस्पिटलमधून घरी येऊन अकरा आठवडे झाले. न्यूमोनिया गेला, पण फुप्फुसांवर व्रण ठेवून गेला. ऑक्सिजनचं यंत्र आता फक्त झोपताना लागतं. मधल्या खोलीपासून दारापर्यंत न थांबता जाते. केस विंचरताना मात्र अजून दोनदा टेकावं लागतं. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते. पहिल्याच दिवशी म्हणाली, आजी, मेणबत्ती विझवतो तशी हळू फुंकर घाला. मी म्हटलं, आजी नको, बाई म्हण. आता बाई म्हणते आणि दुप्पट राबवून घेते. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावते. आधी चारावर दम संपायचा, आता चौदापर्यंत जाते. डॉक्टर म्हणतात, यापुढे फारशी वाढ धरू नका.

चार शब्दांत माझा दम संपतोय हे तुला फोनवर कळलं नाही, यात तुझी काय चूक? मी जन्मभर तशीच तुटक बोलत आले. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं, तीन मिनिटं झाली, एवढं म्हणून लोकांची बोलणी तोडली. रडणाऱ्यांचीही तोडली, नियम होता. घरी तुझा फोन आला की बाबा तासभर बोलायचे आणि मी स्वयंपाकघरातून पुरे, पुरे करायचे. मग ते तुला सांगायचे, ठेवतो गं ठमे, एक्स्चेंज खवळलंय. तुम्ही दोघं हसायचात. मला ऐकू यायचं.

ते गेल्यावर तू विचारलंस, बाबा शेवटी काय म्हणाले. मी काही नाही म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर तू फोन केला नाहीस. दम लागला होता हे खरं, पण फोन त्यासाठी ठेवला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये आम्हा दोघांच्या खाटा शेजारी होत्या, मध्ये पडदा. आठव्या दिवशी दुपारी त्यांनी पडदा सारला, मास्क खाली ओढला आणि म्हणाले, ठमीला फोन लाव गं, दोनच मिनिटं. फोन माझ्या उशाशी होता. मी म्हटलं, मास्क लावा आधी. बोलण्यात दम घालवू नका. उद्या बोला. ते हसले. एक्स्चेंज काही ऐकायचं नाही, म्हणाले, आणि शहाण्यासारखा मास्क लावला. तासाभरात त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. पहाटेच्या आत गेले.

मला वाटलं, मी त्यांचा श्वास वाचवते आहे. ती दोन मिनिटं तुझी होती, ती मी तोडली. हे फोनवर सांगायला चौदा आकड्यांचा श्वास पुरत नाही, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू बघ. पण एकदा फोन कर. मी थोडं बोलेन आणि थांबेन. पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन तुटली असं समजू नकोस. मी श्वास घेत असेन. ठेवू नकोस.

तुझीच,
आई