तात्यांचा पाय

राहाता, १४ नोव्हेंबर १९९८

डोकं फिरलंय. आज कालव्याच्या पुलापर्यंत पाय न टेकता पोचणारच होतो.

अमेरिकेतल्या दादाने माझ्या लांब स्केटबोर्डसाठी नवे ट्रक धाडले, म्हणजे फळीखालचे चाकं वळवणारे जोड. जुने नुसते खडखडायचे. कंबर कितीही हलवली तरी फळी बाभळीपाशी थांबायचीच. हे नवे मशीनवर इतके नेमके कापलेत की भार डावी-उजवीकडे टाकत राहिलं की फळी आपणहून वेग धरते. बाभूळ मागे पडली, पूल दिसायला लागला. मांड्या भरून आल्या होत्या, पण जमत होतं.

आणि मागून दूधवाले तात्या आले. पेट्रोल संपलेल्या गाडीला ढकलतात तसा मोटरसायकलवरून फळीला पाय लावला. मी ओरडतोय, "तात्या, नको, सोडा." ते म्हणतात, "आसू दे रे, लाजायचं काय त्यात? किती येळ असा हालत बसनार?"

पुलावर नेऊनच सोडलं. मग मी पोचलो की नाही? बाभळीच्या पुढचं माझं किती आणि तात्यांच्या पायाचं किती?

घरी आलो तर आईला आधीच कळलेलं. "तात्यांनी पुलापर्यंत पोचवलं म्हणे. देवमाणूस." तिला ट्रक, भार, वेग सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि ऐकता ऐकता शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले.

उद्या सकाळी तात्यांना मीच नेऊन द्यायचेत.