जुलैची चाचणी

बोरी अरब,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय उत्तमसिंग गुरुजींना,
प्रणिताचा वाकून नमस्कार.

दिग्रसला तुम्ही आणि काकू बरे असाल. काकूंचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या निरोप समारंभाच्या दिवशी त्यांना शाळेची एक पायरी चढतानाही त्रास होत होता, ते लक्षात आहे.

तुम्ही शाळेतून गेलात त्याला आठ महिने होऊन गेले. या आठ महिन्यांत मी एकदाही तुमची विचारपूस केली नाही. फोन दोन वेळा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. कागदाचं बरं असतं, तो मधेच काही विचारत नाही.

शाळा दिवाळीनंतर उघडली. पट एकोणचाळीसचा आहे, पण कापसाची वेचणी सुरू असल्यामुळे रोज पंचवीस-सव्वीसच मुलं येतात. तुमच्या जागेवर पुसदकडचे भारत सर आले आहेत. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडेच. माणूस चांगला आहे. मुलांच्या डब्यातली बाटी मागून खातो, तुम्ही खायचात तशी.

माझं मोबाइलचं शिकवणं चालू आहे. ती ठिपक्या-चौकटींची कार्डं तुम्हाला आठवत असतील, प्रत्येक मुलाचं वेगळं. उत्तराप्रमाणे मुलं कार्डाची एकेक बाजू वर धरतात, मी वर्गावरून मोबाइल फिरवते आणि कोणाचं बरोबर, कोणाचं चूक ते टीव्हीवर लगेच दिसतं. मुलांना मोबाइल लागत नाही आणि मला खर्च लागत नाही. लाजरी मुलंसुद्धा कार्ड उंच धरतात. हे खरंच उपयोगाचं आहे, गुरुजी. एवढं तरी मी खरं सांगते आहे.

तुमच्या आवाजातले पाठही चालू आहेत. पोरं भिंतीवरच्या चित्राखालच्या क्यूआर कोडच्या चौकोनासमोर मोबाइल धरतात आणि तुम्ही बोलायला लागता. तांड्याच्या गोरबोलीत याडी, मराठीत आई. गोरबोलीत बाटी, मराठीत भाकर. पहिलीत नवीन आलेलं एक पोरगं तर मोबाइलच्या मागे वाकून बघत होतं, माणूस कुठे आहे म्हणून.

त्या पाठांबद्दलच लिहायचं होतं. तुम्ही प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला म्हणायचात, "मी उत्तमसिंग गुरुजी बोलतो, ऐका रे लेकरांनो." बेचाळीस पाठ होते. नवोपक्रम स्पर्धेला पाठवण्याआधी मी ते वाक्य बेचाळीसच्या बेचाळीस ठिकाणी कापलं. आवाज कापायचं ॲप फुकट मिळतं, पाच मिनिटांत शिकता येतं. फॉर्मवर तुमच्या नावाच्या जागी मी 'स्थानिक बोलीभाषकाचे सहकार्य' असं लिहिलं. ते पाठ आता आणखी आठ शाळांत वाजतात आणि तिथे कोणालाच माहीत नाही की हा आवाज कोणाचा.

गेल्या आठवड्यात मी मूळ रेकॉर्डिंग शोधून ते वाक्य सगळीकडे परत जोडलं. तुम्हाला कळवावं म्हणून हे पत्र. चूक झाली. पोटात ठेवा.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
प्रणिता


बुधवार, १९ नोव्हेंबर

गुरुजी,

वरचं पत्र पाकिटात घालून, तिकीट लावून दहा दिवस माझ्या पर्समध्ये पडलं होतं. आज पाकीट फोडलं. ते पत्र खोटं नाही, पण मला जे लिहायचं होतं त्याच्या बाजूने मी निघून गेले होते. मोठं लपवायला माणूस लहान कबूल करून टाकतो. तसं झालं.

आता क्रमाने लिहिते.

तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी जूनमध्ये मी तुमच्याकडून पहिली-दुसरी मागून घेतली. नवोपक्रम स्पर्धेचा माझा प्रकल्प लहान वर्गावर करायचा होता. तुम्ही 'का' असंही विचारलं नाही, तुमचं कपाट रिकामं करून दिलंत. जुलैत मी दुसरीच्या अकरा मुलांची वाचन चाचणी घेतली. ती मुलं वर्षभर तुमच्या हाताखाली पहिलीत होती. अकरापैकी आठ जण सोपी वाक्यं घडाघडा वाचत होते. दोघं अडखळत होते. एकाला जोडाक्षरं येत नव्हती. बस.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी खोलीवर येऊन आकडे मोबाइलवर भरले. फॉर्मला 'उपक्रमापूर्वी' आणि 'उपक्रमानंतर' असे दोन रकाने होते. डिसेंबरला जास्तीत जास्त किती येतील याचा अंदाज धरून मी दुसरा रकाना भरून पाहिला. मोबाइल आपोआप आलेख काढतो. दोन पट्ट्या आल्या, आधीची निळी आणि नंतरची हिरवी, जवळजवळ सारख्या उंचीच्या. असा आलेख बघून कोण बक्षीस देणार?

मग मी एक आकडा बदलला. नऊच्या जागी चार लिहिले. निळी पट्टी थोडी खाली बसली. मग दुसरा बदलला. रविवारची सकाळ होती, बाहेर घरमालकीण वाळवण घालत होती, आणि मी चहा पीत पीत अकरा लेकरांचे आकडे एकेक करून खाली आणले. चार मुलांना तर शून्य दिलं. हिरवी पट्टी निळीच्या तिप्पट दिसायला लागली तेव्हा थांबले.

तेव्हा मनात एवढंच होतं की हे कागदावरचं आहे, यानं कोणाचं काय बिघडतं. ती मुलं तुम्ही शिकवलेली होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी ते मनात येऊ दिलं नाही.

जानेवारीत मला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. त्याच महिन्यात तुम्हाला तालुक्याहून नोटीस आली, की तुमच्या अध्यापनाच्या काळात विद्यार्थ्यांची वाचन पातळी इतकी खालावलेली कशी, याचा खुलासा करा. तेहतीस वर्षांची नोकरी आणि निवृत्तीला दीड महिना. तुम्ही तालुक्याला जाऊन आलात. मधल्या सुटीनंतर आलात, टोपी खुंटीला अडकवली आणि मला एवढंच विचारलंत, "मॅडम, जुलैची चाचणी तुम्हीच घेतली न?"

मी म्हटलं, "हो गुरुजी."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि चौथीच्या वर्गावर गेलात. त्या दिवशी तुम्ही भागाकार शिकवत होतात. भिंतीपलीकडून तुमचा आवाज येत होता, रोजच्यासारखाच.

तुम्ही खुलाशात काय लिहिलंत ते मला नंतर कळलं. 'माझे प्रयत्न कमी पडले असतील.' एवढं एकच वाक्य. सेवापुस्तकात ताशेरा आला. तरी तुमच्या निरोप समारंभाला मी तुमच्या फोटोंचा व्हिडिओ केला, त्याला बासरी लावली आणि 'गुरुजी म्हणजे या तांड्याचा दिवा' असं भाषण केलं. बाया रडल्या. मीही रडले. काकू तेवढ्या माझ्याकडे एकटक बघत होत्या, त्यांचे डोळे कोरडे होते. त्यांना तुम्ही सांगितलं असेल, असं मला तेव्हापासून वाटतं.

यानंतरही मी गप्पच राहिले असते. खरं तेच लिहिते. पण या महिन्यात दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक आपली शाळा बघायला येणार होते, म्हणून मी तो अहवाल रंगीत छापून व्हरांड्यात लावला. मुलांची नावं, आधीचे गुण, नंतरचे गुण. शुक्रवारी, म्हणजे वरचं पत्र लिहिण्याच्या दोन दिवस आधी, लखीराम भाऊ रुपालीला न्यायला आले. ती आता तिसरीत आहे. त्यांनी उभ्या उभ्या तो कागद वाचला. मला बोलावून बोट ठेवलं.

"मॅडम, हे शून्य माह्या पोरीचं हाय का? गेल्या वर्सी मे महिन्यात तं तिनं आमच्या सुनीलच्या लग्नाची पत्रिका साऱ्या तांड्याले वाचून दाखवली. मंग जुलैत शून्य काहून?"

गुरुजी, तेव्हाही मी खरं बोलले नाही. मी हसून म्हटलं, की पत्रिका तिची पाठ झाली असेल, लहान मुलं ऐकून ऐकून पाठ करतात आणि मग वाचल्यासारखं दाखवतात.

लखीराम भाऊंनी माझ्यावर विश्वास ठेवला. मॅडम सांगते म्हणजे बरोबर. त्यांनी रुपालीकडे पाहिलं, रागानं नाही, थोडं वाईट वाटल्यासारखं. पत्रिका वाचली त्या दिवशी तांड्यात त्यांनी पोरीचं किती कौतुक केलं असेल! ती दप्तर छातीशी धरून उभी होती. कागदाकडे बघतच तिने मला विचारलं, "मॅडम, मले तवा वाचता येत नोतं का?"

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी खोटं बोलते म्हणून भांडेल. ती खरंच विचारत होती. तिला स्वतःबद्दल जे पक्कं ठाऊक होतं ते मी हलवून टाकलं होतं, आणि आता खरं काय ते ती मलाच विचारत होती.

मी म्हटलं, उद्या बोलू. आणि रविवारी तुम्हाला आवाज कापल्याचं पत्र लिहिलं.

पुढचा आठवडा ती शाळेत यायची, पण भारत सरांनी उभं केलं की वाचेना. सर मला म्हणाले, ही पोरगी तर चांगली वाचायची, हिला काय झालं? तिने त्यांना सांगितलं होतं, "मले येत नाही, मी पाठ करते."

सोमवारी मी रजा टाकून तालुक्याला गेले. जुलैच्या चाचणीची मूळ यादी माझ्या हातची होती, ती फाडायची हिंमत मला कधी झाली नव्हती. ती आणि दोन पानांचा लेखी जबाब गटशिक्षणाधिकारी साहेबांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, हे बक्षीस एकट्या तुमचं नाही, तालुक्याचं आहे. गुरुजी तर आता निवृत्त झाले. आठ दिवस शांतपणे विचार करा. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. मी कागद उचलले आणि बाहेर आवक टेबलावर देऊन पोच घेतली. त्या जबाबाची प्रत सोबत जोडली आहे.

काल, मंगळवारी, शाळेत पालकांना बोलावलं. वेचणीमुळे बाया थोड्याच होत्या, पण लखीराम भाऊ आले. मी उभी राहून सगळं सांगितलं. नोटिशीचंही सांगितलं. तुम्ही का बोलला नाहीत, हे तांड्याच्या पंजाबराव नाईकांनी विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गुरुजीचं नाव तुमी खराब केलं, आन् आमीच तुमाले शाल देल्ली." कोणी शिवी दिली नाही. एकेक जण उठून वावरात गेला.

लखीराम भाऊ थांबले होते. मी त्यांची माफी मागायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. "मले नोका सांगू. पोरीले सांगा."

मी तिसरीच्या वर्गात गेले. सगळ्यांसमोर रुपालीला सांगितलं, की जुलैत तुला वाचता येत होतं, तू पहिलीतच वाचायला शिकली होतीस, आणि मी खोटं शून्य लिहिलं. तिने विचारलं, "कायले लिवलं?" मी सांगितलं, मला बक्षीस पाहिजे होतं. तिला ते समजलं की नाही, माहीत नाही. खाली बसली. थोड्या वेळाने भारत सरांनी पुस्तक पुढे केलं तेव्हा तिने वाचलं, हळू, शब्दाखाली बोट धरून. पूर्वी ती बोट धरत नव्हती.

आज सकाळी चौकशीचं पत्र आलं. शुक्रवारी, २८ तारखेला, अकरा वाजता तालुक्याला सुनावणी आहे. साक्षीदार म्हणून तुम्हालाही बोलावलं आहे. तुमच्या नावाचं पत्र एक-दोन दिवसांत पोचेल. माझं जे व्हायचं ते होईल. बदली होईल, कदाचित निलंबन. मी राळेगावला घरी अजून सांगितलेलं नाही. बाबांना 'जिल्ह्यात पहिली आली' एवढंच माहीत आहे. ती बातमी त्यांनी कातरून पाकिटात ठेवली आहे. रविवारी जाऊन त्यांनाही सांगेन.

वर मी 'पोटात ठेवा' असं लिहिलं आहे. ते वाक्य खोडणार होते, पण राहू देते. मी कशी आहे ते तुम्हाला त्यातून दिसेल. आता तुम्हाला काही पोटात ठेवायला सांगत नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मी वाचले, आणि दहा महिने त्याला तुमचा मोठेपणा म्हणून मोकळी झाले. तुमच्यावर ते काय बसलं असेल, याचा विचार करायची मला गरज पडली नाही.

म्हणून एकच मागते. २८ला याल तेव्हा माझं वय, माझी नोकरी, माझे बाबा, काहीही मध्ये आणू नका. साहेब विचारतील ते सगळं सांगा. विचारणार नाहीत तेही सांगा. मी समोरच बसलेली असेन. माझी मान खाली गेलेली दिसली म्हणून थांबू नका.

तुमच्या वर्गावर बसलेली,
प्रणिता डंभारे