बेटावरच्या दिव्यापाशी अब्बा

४ जून
बेटावरच्या दीपगृहातून शेवटचा माणूसही काढला म्हणे. दिवा आता आपोआप लागणार! अब्बांना सांगितलं. ते खिडकीतून कर्वेनगरची रहदारी बघत होते. म्हणाले, "चला, सुटला बिचारा."

आधी आजोबांनी सांभाळला तो दिवा, मग अब्बांनी. रॉकेलवर जळायचा. फिरवायचं यंत्र घड्याळासारखं, सारखी किल्ली द्यावी लागे. पावसाळ्यात होडी बंद — मग डाळ-तांदूळ आणि सुकी मासळी. हे सगळं ऐकीव. मी वाढले पुण्यात, मंडईमागे मामूंकडे. मी जन्मले आणि अम्मी गेली. वादळ होतं, होडी आली नाही. एवढंच सांगितलं मला सगळ्यांनी.

९ जून
धायरीहून पोपटकाका आले होते. बेटावर अब्बांचे मदतनीस होते ते. अब्बा आत झोपलेले. चहा पिताना काका सहज म्हणाले, "होडी आलती की! मीच घेऊन निघालो वहिनींना. साहेब म्हनले, तू जा, मी दिव्यापाशी थांबतो."

थांबतो! बायको मरतेय आणि हा माणूस दिव्यापाशी थांबतो!

पुढचं ऐकवेना. उठून स्वयंपाकघरात गेले.

१० जून
विचारलं अब्बांना. "खरं आहे," म्हणाले. बस्स.
"सरकारी दिवा अम्मीपेक्षा मोठा झाला का?"
ते खिडकीकडे वळले.

१२ जून
ताट पुढे ठेवते. बोलत नाही.

१५ जून
दुपारी हाक मारली. "मेहजबीन, जरा बस ना बेटा." म्हटलं, कामं पडलीत.

१६ जून
अब्बा गेले. सकाळी मी चहा घेऊन गेले, तर त्यांचे हात गार.
बसले असते काल — काय बिघडलं असतं माझं!

२० जून
पोपटकाका आले. रडत रडत सगळं सांगितलं त्यांना. मी का बोलत नव्हते, तेही.

"अगं पोरी, यंत्र बंद पडलं व्हतं त्या रातीला. साहेबांनी हातानं फिरवला दिवा, पार उजाडेपर्यंत. आमच्यासाठीच! दुसरं कोन व्हतं दर्यात? सगळीकडं खडक. दिवा नसता तर तूबी नसतीस."

"मी?"

"तू होडीतच झालीस की! वहिनी किनारा लागायच्या आतच गेल्या. साहेबांना काय ठाऊक... दिवा आपला फिरतच व्हता."