सर्व प्रकारचे स्कोप मिळतील

३ एप्रिल २०२५
उल्हासनगर, कॅम्प चार

मायाताईला मुकेशचा कडक जय भीम. दाजींना जय भीम, तुझ्या सासूबाईंना जय भीम, त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव. म्हैस व्याली का ते पण कळव. मी बरा आहे. वजन वाढलंय म्हणतात लोक. मला दिसत नाही, पण पँटला कळतंय.

हातात फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोन दाजींचा, त्यात तू स्पीकर लावतीस, मागून सासूबाई बोलतात, म्हैस ओरडते, आणि मधेच तू गप्प झालीस की मला वाटतं तू रडायलीस. मग मी सगळ्याला हो म्हणून टाकतो. मागच्या रविवारी तसंच झालं. पत्रात तसं होत नाही. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

तुझा प्रश्न मला पाठ आहे. वसमतला हळदीच्या गोदामात दाजींनी माझ्यासाठी शब्द टाकलाय. जयंती झाली की रुजू व्हायचं, राहायचं तुमच्याजवळ, जेवायचं तुझ्या हातचं. "येतोस का नाही, एका शब्दात सांग." एका शब्दातच सांगतो, पण सगळ्यात खाली. खालचं आधी वाचू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

आधी दाजींचं उत्तर. त्यांनी फोन ओढून विचारलं होतं, "काय रे, त्या लाइनीत स्कोप आहे का काही?" मी म्हटलं, "दाजी, स्कोपच आहेत, दुसरं काही नाहीच." त्यांना वाटलं टिंगल केली. टिंगल नव्हती. आमच्या दुकानात जो डबा दुरुस्त होतो त्याचं नावच स्कोप. दवाखान्यात पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारते ना, तसाच पडदा. वायरीतून वीज कशी चाललीय, सरळ का नाचत, ते त्यात डोळ्यांनी दिसतं. आता नवे निघालेत, पाटीएवढे पातळ. आम्ही जुने करतो, पन्नास-साठ वर्षांचे, उचलायला दोन माणसं लागतात. कुणाला शाळेत दाखवायला लागतात, कुणाला फॅक्टरीत सवयीचे असतात, कुणाला नुसती आवड. पार्ट कुठेच मिळत नाही, म्हणून भंगार धुंडाळायचं. या भंगारापायी मी उल्हासनगरचे पाचही कॅम्प, अंबरनाथची एमआयडीसी आणि बदलापूरचं कात्रप, सगळं पायाखाली घातलंय. फिरायला मिळतं म्हणूनच टिकलो आधी, खरं सांगतो.

दुकान परसोदादांचं. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, डोळ्यावर दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि शोधतात तिसरा. माझं नाव मुकेश ऐकून गिऱ्हाईक माझ्याशी थेट सिंधीत चालू होतं. "कीअं आहियो?" मी पण म्हणतो, "ठीक, साईं, ठीक." पुढचं दादा सांभाळतात. पहिल्या दिवशी मी टेबलाजवळ उभ्या उभ्या चुळबुळ करत होतो, तर म्हणाले, "वेह, पुट, वेह." म्हणजे बस, पोरा, बस. तेव्हापासून दिवसातून शंभरदा हेच. आत जास्त व्होल्टेज असतं, तिथे एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा. मला दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम चालवायची सवय. तूच मला भिंगरी म्हणायचीस.

आता मुद्द्यावर येतो. दादांचा मुलगा भूपेश. वाईट नाही, पण त्याला दुकानात मोबाईलची कव्हरं विकायचीत. "पप्पा, ये दुकान नहीं है, म्युझियम है. और टिकट भी नहीं लेते आप." चेटीचंडला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, कव्हरांचं उद्घाटन ठरवूनच टाकलं त्याने. दादा मला आतल्या बाजूला नेऊन म्हणाले, "जयदेव सर का स्कोप चालू कर. वो चालू, तो टेबल तेरा. नहीं हुआ, तो तू अपने गाव, मैं अपने घर."

जयदेव सर म्हणजे अंबरनाथ पूर्वेला राहणारे रिटायर मास्तर. अंबरनाथची एक फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिथल्या लिलावातून त्यांनी मोठा विलायती स्कोप घेतला होता. आणखी खोलीभर बंद स्कोप आहेत त्यांच्याकडे. हा एक चालला तर बाकीचे सगळे आमच्याकडे टाकणार, म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम. रोग असा होता की चालू केला की रेघ छान यायची, दहा मिनिटांनी पुरीसारखी फुगायची, आणि मग विझायची. पडद्याच्या ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर आतून गेलेला. वाइंडिंगवाल्याकडून दोनदा गुंडाळून आणला, दोनदा जळाला. पार्ट पाहिजे तर अस्सलच पाहिजे, आणि तो कुठेच नाही. मला वसमत दिसायला लागलं. हळदीने पिवळा झालेला मी पण दिसायला लागलो.

म्हटलं, आपण शोधायचं सोडून लोकांनाच बोलवावं. पेंटरकडून पाटी करून घेतली. ऑसिलोस्कोप हा शब्द पेंटरला लिहिता येईना. खरं म्हणजे मलाही येत नव्हता. आता लिहिला तो डब्यावरचं नाव भूपेशकडून वाचून घेऊन. तेव्हा म्हटलं, "अरे, नुसतं स्कोप लिही, माणसं शहाणी असतात." त्याने पिवळ्यावर लाल अक्षरात लिहिलं: येथे सर्व प्रकारचे स्कोप मिळतील. जुने स्कोप दाखवा, चहा प्या.

दोन दिवसांनी एक शेतकरी बापा आला, कुळगावचा, हिरामण नावाचा. मागे त्याची मुलगी शलाका, हातात बारावीचं हॉलतिकीट. बापा खुर्चीत बसला, टोपी मांडीवर ठेवली, आणि दादांना म्हणाला, "पोरीची परीक्षा चालू हाय. डाकतर नाय, इंजनेर नाय, त मंग कंच्या लायनीन स्कोप हाय, ता सांगा. पाटीवर लिवलंय तुम्ही, सगल्या परकारचे मिलतील."

ताई, मी काउंटरखाली बसलो. हसायला. दादा मात्र गंभीर. आधी त्यांच्या रीतीप्रमाणे पापड आणि पाणी दिलं. मग मुलीला विचारलं, "बेटा, तुला काय करायला आवडते?" ती म्हणाली, "झोपायला." बाप म्हणाला, "हाच तर लोचा हाय, साहेब."

मग मी बाहेर येऊन एक चालू डबा दाखवला, म्हटलं बापा, आमच्याकडचा स्कोप हा असा. मुलीने वाकून हिरवी रेघ पाहिली आणि म्हणाली, "काका, असाच आमच्या गोठ्यात पण आहे. हो ना, बाबा?" (तू लगेच विचारशील मुलगी कशी होती. मला काका म्हणाली. विषय संपला.)

हिरामणबापाने कपाळावर हात मारला. त्याचा मोठा भाऊ त्याच बंद पडलेल्या फॅक्टरीत होता. त्याच लिलावातून त्याने घरी टीव्ही आणला होता. पडदा होता, बटणं होती, टीव्हीच असणार. घरी आणून लावला तर ना बातम्या, ना सिनेमा, नुसती एक रेघ. सगळ्या आळीने बसून ती रेघ पाहिली म्हणे, संध्याकाळभर, आता चित्र येईल, मग चित्र येईल. भाऊ वारला, आणि टीव्ही गोठ्यात गेला.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालून तयार.

कुळगावला गोठ्यात गेलो. तोच. जयदेव सरांच्या स्कोपचा सख्खा भाऊ, तेच विलायती नाव, तीच बटणं. एका बाजूचा पत्रा निघालेला. मी आत हात घातला, आणि आतून काहीतरी करकचून चावलं. मला वाटलं करंट बसला. करंट नव्हता, कोंबडी होती. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला पेंढा करून अंड्यांवर बसलेली, खुडूक.

हिरामणबापाची बायको विठाबाई दारात उभी. "हात काढ. खुरूक कोंबरी उठवाची नसते."

"मावशी, एक पार्ट काढतो फक्त, तिला हलवत नाही."

"तुझे आईला बालंतपनाचे खाटेवरून उठवलं व्हतं का कुनी, पार्ट काढायला?"

आपल्याकडे पण आई खुडूक कोंबडीजवळ कुणाला फिरकू द्यायची नाही. विठाबाईने निकाल दिला, पिल्लं निघाली की न्या, तुमचाच आहे. तोवर गोठ्यात नुसतं यायचं आणि बघून जायचं.

तर मी बघायला जायचो. एका बाजूला भूपेशची कव्हरं खोक्याखोक्यांनी यायला लागली, दुसऱ्या बाजूला माझी कोंबडी बसलेली. तिला उठायची घाई नाही, मला बसवत नाही. मी येरझाऱ्या घालायला लागलो की विठाबाई ओरडायची, "ए फिरता पंखा, तीला चक्कर येईल!" शेवटी मी पण पाट घेऊन तिच्यासमोर बसायला लागलो. कोंबडी माझ्याकडे बघते, मी कोंबडीकडे. ताई, सांगतो तुला, जन्मात पहिल्यांदा मी काही न करता बसलो, आणि मला बरं वाटलं. भूपेश रोज विचारायचा, "आज मुर्गी क्या बोली?" दादा म्हणायचे, "बोली, वेह पुट."

चेटीचंडच्या आदल्या दिवशी सकाळी शलाकाचा फोन आला. "काका, निघाली! सगळी निघाली!" मी धावत गेलो. पिल्लं पेंढ्यात पिवळी पिवळी. विठाबाईने आधी माझ्या हातात गूळ ठेवला, मग कोंबडीला टोपलीत घेतलं, मग म्हणाली, "आता काढ तुजा पारट."

ट्रान्सफॉर्मर काढला तर कोरडा ठणठणीत. असले जुने ट्रान्सफॉर्मर ओल लागून मरतात. दादा म्हणाले, "मुर्गी ने गरम रखा, इसलिए नमी नहीं लगी." खरंखोटं कोंबडीलाच माहीत.

दादांनी स्वतः बसवला नाही. त्यांचे हात थरथरतात आता. ते समोर बसले, आणि मी एक हात खिशात घालून दुसऱ्याने कथलाचे डाग देत गेलो. एकदा पण उठलो नाही. चालू केला. रेघ आली. दहा मिनिटं झाली. भूपेश पण कव्हरं मांडायची सोडून उभा. वीस मिनिटं झाली. रेघ तशीच, सुईसारखी बारीक. फुगेना, विझेना. दादांनी नाकावरचा चष्मा काढला, कपाळावरचा काढला, आणि डोळे पुसले. मग मला म्हणाले, "अब उठ, पुट. पापड ला."

आता अर्ध्या दुकानात कव्हरं आहेत आणि अर्ध्यात मी. भूपेशनेच दुकानातला एक चालू स्कोप दारात मांडला, रेघेची फुलं करून ठेवली आहेत पडद्यावर, पोरं बघायला थांबतात आणि कव्हर घेऊन जातात. जयदेव सरांच्या खोलीतला माल टेम्पोने आला. पाटी मात्र दादा बदलू देत नाहीत. म्हणतात, खोटं काय लिहिलंय त्यात?

झालं. आता खालचं.

मागच्या जयंतीला मी तुमच्याकडे होतो. तुझ्या दोन्ही नणंदा माहेरी आल्या होत्या, पांढऱ्या साड्या नेसून, आणि तू चुलीपुढे. धाकटीने विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही गेलात माहेरी?" तू भाकरी उलटत म्हणालीस, "माझं माहेर फिरतीवर असतंय बाई. आज सुरतला, उद्या पुण्याला. कुठं गाठू?" सगळे हसले. मी पण हसलो.

गोदामाचं काम तू माझ्यासाठी शोधलं नाहीस, ताई. आई गेल्यापासून तुला जायला एक दार नाही, म्हणून मला जवळ आणून ठेवायचं होतं. फोनवर तू गप्प होतीस ती यासाठीच. मला कळत होतं. बोलता येत नव्हतं.

म्हणून एक शब्द दाजींसाठी: नाही. रागावू नका म्हणावं, ते काम धाकट्या दिराला द्या. बसून राहायची कला त्याला जन्मापासून आहे.

आणि एक शब्द तुझ्यासाठी: ये.

अंबरनाथला खोली घेतलीय. जयदेव सरांनी घरमालकाला सांगितलं, पोरगा बसणारा आहे, पळणारा नाही. माझ्याबद्दल असं कुणी बोलेल हे आईला खरं वाटलं नसतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलाय, खाली आईचा. नवी चटई आणली, ताटं आणली. जयंतीच्या आदल्या दिवशी कल्याणला उतर, मी फलाटावर असेन. भाकरी मी थापीन. वाकड्या होतात, पण माहेरवाशिणीने नावं ठेवायची असतातच. पोटभर नावं ठेव. दाजींनी सोडायला खुशाल यावं, न्यायला घाई करू नये. आणि नणंदांना सांगून निघ. मोठ्याने सांग.

तुझं माहेर,
मुकेश

मुक्काम पोस्ट अंबरनाथ पूर्व, बुद्धविहारामागची चाळ, जिन्याजवळची खोली