उकललेल्या वाती

आई, तुझ्या वातींचा डबा मी अखेर उघडलाय. बिस्किटांचा तो निळा पत्र्याचा डबा. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं. तू जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आम्ही ॲन आर्बरमध्येच दोनदा घर बदललं, सगळं सामान मूव्हर्सच्या हवाली केलं, पण डबा दोन्ही वेळा मी मांडीवर घेऊन गाडीत बसले. लक्ष वातींचा तुझा संकल्प, मला मूल व्हावं म्हणून सोडलेला, आणि तो अर्ध्यावर राहिलेला. अशा वाती जाळायच्या कशा आणि टाकायच्या कशा? एकदा डेट्रॉइटकडच्या एका देवळात घेऊन गेले होते. गुरुजींनी सरळच विचारलं, संकल्प कशाचा होता, पूर्ण झाला का. मी चपला घातल्या आणि डब्यासकट परत पार्किंगमध्ये आले. आता मात्र रोज सकाळी चहा झाला की मी त्या एकेक करून उकलतेय. हो, उकलतेय. पीळ सोडून त्यांचा पुन्हा कापूस करतेय. ओरडू नकोस, आधी पुरतं ऐकून घे. मधे बोलायची तुझी सवय मला चांगली माहीत आहे.

आमच्या शेजारी एक बाई राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. त्या भुंग्यांसाठी लाकडी पेट्या करतात. आपल्याकडचा तो काळा भुंगा नव्हे, इथला गुबगुबीत, केसाळ, अंगावर पिवळे पट्टे असलेला. थंडीभर राणी एकटीच मातीत निजून राहते आणि बर्फ वितळलं की घर शोधत जमिनीलगत घिरट्या घालते. उंदराचं सोडलेलं बीळ तिला फार आवडतं, कारण उंदराने आत गवत आणि केस आयते पिंजून ठेवलेले असतात. बीळ नाही मिळालं तर ही पेटी, अंगठा जाईल एवढं भोक असलेली. आतलं सगळं भरण माझ्याकडे आहे. शेवाळ मी ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवते, किचनभर मातीचा वास सुटतो आणि तुझा जावई नाक धरून फिरतो. सुकं गवत बोटाच्या पेराएवढं कातरते. आणि मधोमध लागतो मूठभर कापूस. औषधांच्या दुकानातला मी नेला तर बाईंनी तो चिमटीत धरून ओढून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, यात नायलॉनबियलॉन असतं, आणि असले लांब धागे राणीच्या पायात गुंतले तर ती तिथेच अडकून मरते. साधा, न धुतलेला, झाडावरचा कापूस कुठे मिळेल का, असं त्यांनी मला विचारलं. बघते म्हणाले आणि घरी येऊन तुझा डबा ठेवलेल्या कपाटासमोर उभी राहिले. तू असतीस तर कपाळावर हात मारून घेतला असतास, की स्वतःला पोर नाही आणि ही भुंग्यांची बाळंतपणं करत बसलीय. म्हण खुशाल. मला तर तुझ्या आवाजात ते ऐकूही येतं.

तू आलीस तो हिवाळा आठवतो? सरकीसकट कापूस आणू नकोस, एअरपोर्टवर पकडतील, असं मी फोनवर तुला दरडावलं होतं. म्हणून तू निघण्याआधी महिनाभर बसून परसातल्या देवकापसाची एकूण एक सरकी हाताने काढलीस. तरी त्या ऑफिसरने बॅग उघडलीच. तू त्याला हात जोडून वर बोट दाखवलंस आणि 'गॉड, गॉड' म्हणालीस, आणि त्याने हसून बॅग बंद केली, हे तू इथे प्रत्येकाला चढत्या रंगात सांगितलंस. दुसऱ्या दिवसापासून किचनच्या खिडकीपाशी तुझी खुर्ची लागली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि तू अंगावर माझा जुना पार्का, तो टोपीवाला जाड कोट, चढवून वाती वळतेस. बोटांना लावायला राख हवी, ती इथे कुठली? मग तू उदबत्त्यांची राख वाटीत साठवायला लागलीस. पहिल्याच दिवशी चार एकदम लावल्यास आणि स्मोक अलार्म असा काही किंचाळला की तू वाटी टाकून बाथरूममध्ये पळालीस. जावई टॉवेलने हवा घालतोय आणि मी पोट धरून हसतेय. शंभर झाल्या की त्यांची दोऱ्याने जुडी बांधायची आणि डब्यात ठेवायची. फेब्रुवारीत तुझे अंगठे सुजले. मी विचारलं की तू हात पदराखाली घ्यायचीस. थंडीने होतं गं, म्हणायचीस. मी समोर दिसले नाही की मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचीस आणि परत सुरू.

आई, मला मूल नको होतं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा तुला म्हणतेय. होत नव्हतं असं नाही, नकोच होतं. आम्ही दोघांनी लग्नानंतर चारपाच वर्षांतच ते ठरवून टाकलं होतं, भांडण नाही, आजार नाही, काही नाही. तू समजून चाललीस की लेकीच्या नशिबात अडसर आहे आणि मी तुला तसं समजू दिलं. 'यार, सांगून टाक ना त्यांना,' असं तुझा जावई तीनतीनदा म्हणाला. मी म्हणे, सहाच महिने तर आहे, कशाला तिचं डोकं फिरवायचं. नुसती तोंडात मिठाची गुळणी धरून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तू डॉक्टर काय म्हणाले असं विचारलंस आणि मी ट्रीटमेंट चालू आहे म्हणून सांगितलं. मग अपॉइंटमेंट आल्या. गुरुवार चांगला म्हणून तू गुरुवार सुचवलास. दर गुरुवारी तू माझ्या तळहातावर दही-साखर ठेवायचीस, मी ती चाटून बसमध्ये बसायचे, आणि युनिव्हर्सिटीजवळच्या कॉफी शॉपमध्ये तास दीड तास पोरापोरींच्या गर्दीत मासिक चाळून परत यायचे. आल्यावर तू फक्त तोंडाकडे बघायचीस आणि पुन्हा वात हातात घ्यायचीस. सांगितलं असतं तर काय झालं असतं? रडली असतीस, आठ दिवस अबोला धरला असतास, नवव्या दिवशी पोहे करून पुढ्यात ठेवले असतेस. एवढंच झालं असतं. एवढ्याला मी घाबरले.

जाताना तू डबा इथेच ठेवलास. जिची गरज तिच्या घरातच पुरं व्हायला हवं, पुढच्या वेळी येऊन करते म्हणालीस. पुढची वेळ आलीच नाही.

शेजारच्या बाईंना मी सगळं नाही सांगितलं. आईने माझ्यासाठी केल्या होत्या, इतकंच म्हणाले. त्यांनी एक जुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि बराच वेळ ठेवली नाही. मग म्हणाल्या, 'तू नक्की विचार केलायस ना? पेट्यांचं नुसत्या शेवाळावरही भागतं. आणि बहुतेक पेट्या रिकाम्याच राहतात, हेही सांगते.' रिकामी राहिली तर काय करता, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, पुढच्या वर्षी आतलं बदलते. मी घरी येऊन तुझ्यासारखीच किचनच्या खिडकीशी बसले. तुझा पीळ काय पक्का गं! नखाने टोक मोकळं करायचं, उलटा पीळ द्यायचा, दोन्ही हातांनी हलकेच ओढायचं, पिंजायचं, मग कात्रीने आखूड करायचं. एका जुडीला सकाळ जाते. पंधरा दिवसांत माझे अंगठे दुखायला लागले, बरोबर त्याच सांध्यात. मला बावन्नावं लागलंय, तुझं तेव्हा सत्तरी ओलांडलेलं वय होतं. मी जुड्या मोजायच्या नाहीत असं ठरवलं होतं, तरी मोजल्या. अंगठा ठणकला म्हणून कितीदा तू हात झटकला असशील याचा हिशोब मनात आपोआप होत गेला आणि मी कात्री खाली ठेवून हमसून हमसून रडले. जावई वर झूमवर होता, त्याला कळलं नाही.

कापसाला वास होता. चंदनाच्या उदबत्तीचा, आणि खाली कुठेतरी तुझ्या खोबरेल तेलाचा. बाई म्हणाल्या, कसलाही वास नको, राणी आत शिरणार नाही. म्हणून मागच्या पोर्चमध्ये जुनी ओढणी बांधून तिच्यात तो चार दिवस वाऱ्याला ठेवला. रोज जाऊन हुंगायचे. तिसऱ्या दिवशी थोडा होता. चौथ्या दिवशी कापूस नुसता कापूस झाला आणि मी तो पेट्यांत भरला. पाच पेट्या लावल्यात, कुंपणाच्या सावलीत, अर्ध्या मातीत. अजून राणी कुणी आली नाही. मूल नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते वाटावं म्हणून मी प्रयत्नही करून पाहिला, खोटं कशाला बोलू. तुझ्या अंगठ्यांचं वाटतं.

हे बागेच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितेय. पुढे शेवाळ कधी वाळवलं, गवत कधी कापलं त्याच्या नोंदी आहेत. हे फाडायचं नाही आणि कुणाला वाचून दाखवायचं नाही. पण आता थांबण्याआधी त्या फोनचं बोलायलाच हवं. तू परत गेल्यानंतरच्या वर्षी, रविवार होता, तू मधेच धाप लागून थांबत होतीस. अजून काही नाही ना, असं विचारलंस. मी नाही म्हणाले. तू म्हणालीस, 'तुझ्यात काही दोष नाही गं. माझ्याच वाती अपुऱ्या पडल्या.' मी त्यावर काय बोलले ठाऊक आहे? जेवलीस का, असं विचारलं. तू हो म्हणालीस, पिठलं-भात. मग तिकडचं ऊन, इकडची थंडी, ठेवते गं. आठ दिवसांनी तू गेलीस. त्या दिवशी मला बोलायला शब्द सुचले नाहीत, गळा दाटून आला, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. जावयालाही तसंच सांगितलंय. आई, गळाबिळा काही दाटला नव्हता. तू दोष आपल्या अंगावर घेतलास, आणि मला हायसं वाटलं.