ओहायो पॅटर्नचा उमेदवार

८ नोव्हेंबर, सकाळी
निर्णय झाला. नगराध्यक्षपदाला उभा राहणार. अपक्ष. कामिनीला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. घरातून भक्कम पाठिंबा.

कारण लिहून ठेवतो. दसऱ्यापर्यंत आम्ही ओहायोत होतो, लेकीकडे. रूपाच्या शहरात मेयरची निवडणूक चालू होती. मतपत्रिकेवर पक्षच नाही! नुसतं नाव. डीजे नाही, बिर्याणी नाही, घरापुढच्या हिरवळीवर छोट्या पाट्या. एका उमेदवार बाईंनी माझ्याशी शेकहँड केला. मी म्हटलं, मला मत नाही. त्या तत्काळ पुढच्या माणसाकडे वळल्या. काय स्वच्छ कारभार!

हाच पॅटर्न आपल्या गावात आणायचा. विमा कंपनीत जन्मभर लोकांना त्यांचं मरण पटवलं. जिवंतपणी एक मत मागणं काय अवघड?

११ नोव्हेंबर
जीवरामभाऊंकडे जाऊन आलो. केळीचे मोठे व्यापारी, आणि नगरपालिका वर्षानुवर्षं त्यांच्याच ओसरीवर भरते. स्पष्ट सांगितलं, पक्ष सोडा, ओहायो पद्धतीने समोरासमोर लढू. ते म्हणाले, "हेमराज, तू उभा राह्यच. मजा येईन."
चांगलेच घाबरलेत. चहात साखर दोनदा पडली होती.

१५ नोव्हेंबर
राजदीप वकील म्हणतात, एकट्या नगराध्यक्षाला कोणी विचारत नाही, स्वतःचं पॅनल हवं. बऱ्याच जणांना विचारलं. कोणाच्या बागेत केळीची कापणी, कोणाच्या मुलीचं लग्न (स्थळ अजून बघायचंय). शेवटी वकीलच म्हणाले, तुमचा वॉर्ड महिला राखीव आहे, वहिनींना उभं करा. केलं. कामिनीने विचारलं, मला काय करावं लागेल? म्हटलं, काही नाही, फॉर्मॅलिटी.

२६ नोव्हेंबर
चिन्हं मिळाली. मी विमान मागितलं होतं. नेलकटर मिळालं. आधी बरं वाटलं नाही. मग स्लोगन सुचलं: 'भ्रष्टाचाराची नखं कापा.' आता विमान मिळालं असतं तर पंचाईतच होती.
कामिनीला शिट्टी मिळाली. वाया गेली. तिला वाजवताही येत नाही.

२८ नोव्हेंबर
सावद्याहून पाट्या छापून आणल्या. आमच्याकडे लोकांच्या दारात हिरवळ नाही, काँक्रीट. त्यामुळे तुळशीच्या कुंड्यांत आणि वाळूच्या ढिगांत रोवल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या गायब. लोक जपून आत ठेवत असावेत. गल्लीतल्या बेबाबाईच्या न्हाणीघराच्या दाराला एक ठोकलेली दिसली. माझा फोटो आतल्या बाजूला.

३० नोव्हेंबर
चौकात टाऊन हॉल घेतला, म्हणजे ओहायोसारखी प्रश्नोत्तरांची सभा. ओहायोवर सविस्तर बोललो. मग प्रश्न मागवले. बेबाबाई उठली. "ते बरोबर, नाना. पन आमच्या नयाले पानी कधी येईन?" मी म्हटलं, मुद्दा नळाचा नाही, व्हिजनचा आहे. ती म्हणाली, काल कामिनी अक्का पहाटे जाऊन त्या व्हॉल्ववाल्यापाशी उभ्या राहिल्या, तो व्हॉल्व सोडीपर्यंत हलल्या नाहीत. जोरदार टाळ्या पडल्या. मी हात जोडून स्वीकारल्या.

हल्ली कामिनी सकाळी बाहेर पडते ती दुपारीच येते. सोबत गल्लीतल्या बायका. माझा प्रचार जोरात दिसतोय. जेवण उशिरा मिळतं, पण मोठ्या कामात असा त्याग करावा लागतो.

२ डिसेंबर
मतदान झालं. बूथवर मला बघून प्रत्येक जण हसत होता. लाट आहे.

६ डिसेंबर
निकाल २१ तारखेपर्यंत लांबला. हरकत नाही. अध्यक्षांच्या केबिनमधला सोफा काढायचं ठरवलंय. रूपाचा फोन आला. आईचं काय होईल म्हणाली. सांगितलं, होईल बरी, थोडी दमलीय.

२१ डिसेंबर
जीवरामभाऊ निवडून आले. माझी मतं इथे लिहीत नाही, रोजनिशी महत्त्वाच्या गोष्टींसाठी असते. नोटा माझ्या पुढे आहे. पण नोटालाही पक्ष नसतो. म्हणजे तत्त्व लोकांनी मान्य केलंच. डिपॉझिट गेलं.

घरी येऊन पंख्याखाली बसलो, तोच गल्लीत ढोल. गुलाल उधळत अख्खी गल्ली दारात. लोकांना पश्चात्ताप झाला असणार. हात जोडून पायरीवर आलो. बेबाबाई म्हणाली, "नाना, सरका जरा. अक्का कुठी हायेत?"
कामिनी निवडून आली. जीवरामभाऊंच्या सुनेला पाडून.
ती कणीक मळत होती. हात धुऊन बाहेर आली. बायकांनी तिला उचललंच. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. इतकं हसताना तिला कधी पाहिलं होतं, आठवेना. मग मीही टाळ्या वाजवल्या. मागे उभा होतो, कोणी पाहिलं नाही.

२३ डिसेंबर
शांतपणे विचार केला. सत्ता घरातच आली आहे. सही तिची, कारभार माझा. रात्री जेवताना तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "तुम्ही बोला, मी ऐकतेय." बोलून झालं तेव्हा ती गटार बघायला गेलेली होती.

९ जानेवारी
पहिली सभा. तिच्यासाठी भाषण लिहून दिलं. तिने ते पर्समध्ये ठेवलं, बहुतेक तळाशी. स्कूटरवरून सोडलं आणि मार्गदर्शनासाठी मागोमाग निघालो. सभागृहाच्या दारात शिपायाने हात आडवा केला. मुख्याधिकारी मॅडमची ऑर्डर आहे म्हणे, मिस्टर लोकांना आत सोडायचं नाही. मी कामिनीकडे पाहिलं. ती शिपायाला म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि मला म्हणाली, "उन्हात बसू नका."

व्हरांड्यात बाकावर दोन-तीन नगरसेविकांचे मिस्टर आधीच बसलेले. त्यांनी सरकून जागा दिली. त्यातले एक अनुभवी होते. म्हणाले, "सभा लांबते. पुढच्या वेळी जेवून येत जा."